मागच्या बाजूला पेन्सिलीनं

"तुम्ही नेमकं काम काय करता हो?" असं कुणी विचारलं, की कार्डताई आधी त्या माणसाच्या हातातल्या पिशव्यांकडे बघत. पिशव्या जड असल्या, तर "सरकारी कचेरीत कारकून आहे" एवढ्यावर त्याला सोडून देत. हलक्या असल्या, तर मात्र त्याची सुटका नसे.

"समजा, उद्या एखाद्या कंपनीनं नवा गुडघा बनवला," त्या सुरुवात करत. समोरचा माणूस नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे बघे. "कंपनी म्हणणार, असा गुडघा जगात झाला नाही. म्हणेना का. पण तो सरकारी दवाखान्यात लोकांना द्यायचा की नाही? जुन्यापेक्षा तो खरंच बरा आहे का? कुणाला बरा, किती वर्षं टिकणार, आणि तेवढ्याच खर्चात दुसऱ्या कुणाचं जास्त भलं झालं असतं का? हे कुणीतरी विचारायला नको?"

ते विचारणारी एक समिती होती. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, 'आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन कक्ष' अशी पाटी. पाटी वाचेपर्यंत लिफ्टचं दार बंद व्हायचं, म्हणून बरेच लोक चौथ्या मजल्यावर जाऊन परत जिन्यानं खाली येत. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी तिथल्या लांबट टेबलाभोवती दहा माणसं बसत आणि पुढ्यात आलेल्या प्रत्येक औषधाला, यंत्राला, सुईला नि गुडघ्याला चारपैकी एक उत्तर देत: हो, नाही, हो पण अटीवर, किंवा अजून पुरावा आणा. आणि त्यांनी जे काय ठरवलं ते कार्डताईंच्या कार्डावर चढे. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याची बस गेलेली असे.

ताईंचे यजमान शिंपी. घराखालीच त्यांचं दुकान होतं. बायकोच्या नोकरीचं वर्णन ते एका दमात करून मोकळे होत: "आमची ही गुडघे पास-नापास करते." ताई म्हणत, "मी नाही करत, समिती करते. मी फक्त लिहून ठेवते." त्यावर ते सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "मग तर निकाल तुझ्याच हातात." हा संवाद सव्वीस वर्षं त्याच शब्दांत चालू होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

ताई बुटक्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, पर्समध्ये टोकयंत्र. नाकावर माशी बसू देत नसत. कुणी "ताई, ते कार्ड जरा तपासून घ्याल का?" म्हटलं, की चष्म्यावरून असं बघत की माणूस आपलीच चूक शोधायला लागे. "ताईंच्या कार्डात चूक सापडली" हे वाक्य त्या कचेरीत कुणी उच्चारलेलंच नव्हतं. ताईंना हे ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना फार आवडायचं.

कार्ड म्हणजे तळहाताएवढा जाड कागद. पुढच्या बाजूला वस्तूचं नाव, आजार, तारीख, निर्णय. कोपऱ्यात रंगीत पट्टी: हो म्हणजे हिरवी, नाही म्हणजे लाल, अटीवर असेल तर पिवळी, पुरावा आणायचा असेल तर पांढरी. ही झाली कचेरीची बाजू. मागची बाजू ताईंची. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की इतिवृत्तात प्रत्येक वेळी 'सखोल चर्चेअंती' हे शब्द टाइप करायचे असतात, पण ती चर्चा काय झाली ते कुठंच उरत नाही. दहा वर्षांनी कुणी कार्ड उघडलं तर हो की नाही ते कळेल, का ते कळणार नाही. मग कुणालाही न विचारता त्या मागं पेन्सिलीनं लिहू लागल्या. पेन्सिलीनं का, तर त्यांच्या मते पेन कचेरीचं असतं आणि पेन्सिल आपली.

एका चालण्याच्या यंत्राच्या कार्डामागं लिहिलं होतं: "चांगलं आहे. पण चालवून पाहिलेली सगळी माणसं चाळिशीच्या आतली. पडतात ती सत्तरीची." एका फवाऱ्यामागं: "साक्ष देणारे डॉक्टर तीनदा घड्याळ बघत होते. तरी बरोबर बोलले." एका इंजेक्शनामागं नुसतंच: "आज अध्यक्ष डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. निर्णय तरी नाहीच. तोच योग्य होता, पण घरी जाताना कुणी बोललं नाही."

अकराव्या वर्षी समितीत दाराजवळ एक नवी खुर्ची आली. रुग्णांच्या वतीनं बोलायला एक माणूस असावं, असं वरून ठरलं होतं. त्या खुर्चीवर आल्या पोस्टातल्या मावशी. जन्मभर पत्रं वाटून निवृत्त झालेल्या, दोन्ही हातांची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. पहिल्याच बैठकीत सांधेदुखीची एक नवी गोळी आली होती. आकडे झाले, तक्ते झाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मावशींनी ती डबी हातात घेतली, पाच मिनिटं तिच्याशी झटापट केली आणि म्हणाल्या, "गोळी चांगली असेल हो. पण ही उघडायला दोन धड हात लागतात, आणि ते असते तर मी ही गोळी कशाला घेतली असती?" निर्णय झाला: हो, पण झाकण बदलून. ताईंनी पिवळी पट्टी चिकटवली आणि मागं लिहिलं, "खुर्ची कामाची आहे."

तेव्हापासून दुसऱ्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताई आणि मावशी एकत्र डबा खात. मावशींचा डबा ताई उघडून देत. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

ताईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हा कचेरीत आकडेवाली आली. पंचविशीची पोरगी, पाठीवर पिशवी, कानात गाण्याची बोंडं, आणि टाइप करण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला दम लागावा. सव्वीस वर्षांच्या निर्णयांचा कल कसकसा बदलत गेला ते शोधायचं, असं काम साहेबांनी तिला दिलं होतं. साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख. सज्जन माणूस, पण वरच्या खात्याचा फोन आला की खुर्चीतून अर्धे उठून बोलायचे. वरून त्यांच्यामागं एकच टुमणं होतं: तुमची समिती हल्ली फार कडक झाली आहे, फार वेळ खाते, काहीतरी करा.

आकडेवालीनं सगळी, म्हणजे चार हजाराला थोडी कमी, कार्डं यंत्रात चढवायला घेतली. फक्त पुढची बाजू. यंत्रात मागच्या बाजूला जागाच नव्हती.

"मागचं पण वाच गं कधीतरी," ताई म्हणाल्या.

"ताई, ते मोजता येत नाही ना."

"मग ते वाच म्हणतेय. मोज कुठं म्हणतेय?"

पोरीनं त्यांचं मन राखायला एक कार्ड उलटलं. नेमकं ते घड्याळ बघणाऱ्या डॉक्टरांचं निघालं. ती खुदकन हसली, आणि मग दुसरं उलटलं. त्या दिवशी तिचं काम शंभर कार्डांनी मागं पडलं.

अडीच महिन्यांनी आलेख तयार झाला. साहेबांनी सगळ्यांना चहाला बोलावून तो भिंतीवर दाखवला. दुसरा बुधवार होता, त्यामुळे मावशीही होत्या. पहिली दहा वर्षं रेघ वर होती: दहातल्या सात वस्तूंना होकार. अकराव्या वर्षी ती धपकन खाली आली, दहातल्या चारांवर, आणि तिथंच सरपटत राहिली.

"बघा," साहेब म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा वरच्यांना दाखवायला काहीतरी हातात आलं होतं. "अकरावं वर्ष. त्या वर्षी दुसरं काहीच बदललं नाही. फक्त," त्यांनी घसा खाकरला, "दाराजवळची खुर्ची आली."

ते कुणाला दुखवायचं म्हणून बोलले नव्हते. वार्षिक सभेत मांडायच्या अहवालाचं शेवटचं पान त्यांनी मोठ्या नाजूक शब्दांत लिहिलं होतं: रुग्णांच्या प्रतिनिधीचं मत यापुढे बैठकीत न घेता छापील अर्जावर लेखी घ्यावं, म्हणजे वेळ वाचेल. त्याच सभेत ताईंचा निरोप समारंभ होता. जिन्यासमोर काचेचं कपाट उभं राहणार, त्यात सगळी कार्डं, आणि वर पितळी पाटी: 'सव्वीस वर्षं, एकही चूक नाही.' पाटी कोरायला टाकलीसुद्धा होती.

डबा खाताना मावशी म्हणाल्या, "असेल गं. मी प्रश्न जरा जास्तच विचारते."

"तसं काही नाही," ताई म्हणाल्या.

"आता आकडेच सांगतायत. तुझीच कार्डं आहेत, ती कशी खोटी असतील?" मावशींनी केळ्याचं साल सोलायचा प्रयत्न केला आणि ते ताईंपुढं सरकवलं. "माझ्यामुळं किती लोकांची औषधं अडली असतील, कोण जाणे. अर्ज लिहायला काय, माझ्या बोटांनी जमेल तसा लिहीन."

ताईंनी केळं सोलून दिलं. वाईट सगळ्यात जास्त याचं वाटत होतं, की मावशी म्हणत होत्या ते त्यांना स्वतःलाही खरं वाटत होतं. कार्डं खोटं बोलत नाहीत, हे सव्वीस वर्षं त्याच तर सांगत आल्या होत्या.

रविवारी सकाळी त्या यजमानांच्या दुकानात बटणं लावत बसल्या. डोकं बिनसलं की त्या बटणं लावत. यजमानांनी पाच-सहा शर्टांनंतर विचारलं, "कोण मेलं?"

ताईंनी सगळं सांगितलं. आलेख, अकरावं वर्ष, खुर्ची. यजमान शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिले आणि मग हसायलाच लागले.

"हसताय काय?"

"अगं, माझी ती टेप आठवली. कापडी होती ती, लग्नाआधीची. ओढून ओढून लांबली होती. लांबली म्हणजे माप कमी भरणार. दोन महिने येईल तो माणूस बारीक झालेला. मी एकेकाचं अभिनंदन करतोय, वा, कंबर उतरली तुमची. लोक खूष. म्हटलं, या गल्लीतल्या पाण्यातच काहीतरी आहे." त्यांनी डोळे पुसले. "आणि मग सगळ्यांच्या पँटी परत आल्या. एकालाही बटण लागेना. मी तर दोन दिवस दुकान उघडलं नाही."

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध कसला? मी आपलं सांगितलं. गल्लीच्या गल्ली एकदम बारीक झाली, तर माणसं बघू नये, टेप बघावी."

ताईंच्या हातातली सुई थांबली. अकरावं वर्ष. खुर्ची आली त्या वर्षी आणखीही एक गोष्ट आली होती. ती त्यांनी मनात इतकी खोल पुरली होती, की वर यायला तिला एक पूर्ण मिनिट लागलं.

त्या वर्षी कोरी कार्डं संपली होती. छापखान्याच्या मागणीपत्रावर ताईंनी दोन हजार लिहायचे, ते वीस हजार लिहिले. एक शून्य जास्त. बुधवारची बैठक आटोपून घाईघाईत लिहिलं, तेव्हाच्या साहेबांनी न बघता सही ठोकली, आणि पंधरा दिवसांनी दारात खोक्यांची भिंत उभी. साहेब नेमके रजेवर होते म्हणून अब्रू वाचली. ताईंनी आणि शिपायानं मिळून ती खोकी माळ्यावर मोडक्या खुर्च्यांमागं सारली आणि प्रत्येकावर 'जुने नकाशे' अशी चिठ्ठी लावली. मग प्रश्न उरला, एवढी कार्डं संपवायची कशी.

आधी एका औषधाला एक कार्ड असे. ते औषध पाच आजारांसाठी आलं आणि एकाला जरी होकार मिळाला, तरी कार्ड हिरवं. तपशील खाली बारीक अक्षरात. त्या वर्षीपासून ताईंनी प्रत्येक आजाराला वेगळं कार्ड करायला सुरुवात केली. तेच औषध, तेच पाच आजार, तोच निर्णय, पण आता एक कार्ड हिरवं आणि चार लाल. नव्या पद्धतीचं कौतुकही झालं. 'किती बारकाईनं नोंदी ठेवता' म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि ताईंनी ती थोपटून घेतली होती.

समिती कडक झालीच नव्हती. मावशींनी काहीही अडवलं नव्हतं. ताईंची टेप लांबली होती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "माझी पण एक टेप आहे."

यजमानांनी त्या शून्याची सगळी हकिकत ऐकली. सोळा वर्षं या बाईनं आपल्यापासून काहीतरी लपवलं, याचा त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आदर म्हणतात. "वीस हजार," ते एवढंच म्हणाले.

पुढचे दोन दिवस ताईंचे वाईट गेले. गप्प बसलं तर काचेचं कपाट होतं, पितळी पाटी होती, सन्मानानं निवृत्ती होती. बोललं तर सव्वीस वर्षांचा तोरा एका शून्यात जाणार होता. सोमवारी त्यांनी ठरवलं, गप्प बसायचं. वय झालं आपलं, कुणाला कळतंय. मंगळवारी सकाळी टेबलावर मावशींचं पाकीट आलं. आत तो नवा छापील अर्ज, सरावासाठी म्हणून मावशींनी भरून बघितलेला. अक्षरं चौकटीबाहेर सांडली होती, आणि 'आपले मत' या रकान्यात जेमतेम दीड वाक्य मावलं होतं. खाली तशाच सांडलेल्या अक्षरात: "बरोबर भरलाय का गं, सांग."

ताई उठल्या आणि आकडेवालीच्या टेबलाशी गेल्या. "कानातलं काढ," त्या म्हणाल्या, "आणि बस."

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं डोक्याला हात लावला. "मी विचारायला हवं होतं, ताई. एका वर्षात कार्डं तिप्पट कशी झाली, हे मला दिसलं होतं. म्हटलं, औषधं वाढली असतील."

"आता परत जोडता येतील का? पाच कार्डांचं परत एक?"

"यंत्राला नाही जमणार. एकाच औषधाचं नाव एका कार्डावर कंपनीचं, दुसऱ्यावर रसायनाचं. कुठलं कुणाचं, ते कसं कळणार?"

ताईंनी खणातून एक कार्ड काढलं आणि उलटं करून तिच्यापुढं धरलं. मागं, पेन्सिलीनं, अगदी खालच्या ओळीत लिहिलं होतं: "भावंडं: पुढची चार."

"सगळ्यांवर आहे?" पोरगी म्हणाली.

"सगळ्यांवर. वेगळी केली खरी, पण मनाला बरं वाटेना. म्हणून लिहून ठेवलं."

नऊ दिवस दोघी भावंडं जुळवत बसल्या. टेबल पुरेना, म्हणून कार्डं फरशीवर मांडली. पट्ट्यांच्या लाल-हिरव्या रांगांमधून चहावाला तारेवर चालल्यासारखा चालत येई. पोरीनं तीन हजारांवर कार्डांच्या मागच्या बाजू वाचल्या. मधेच ती मोठ्यानं हसे, मधेच तेच कार्ड पुन्हा वाचे. दहाव्या दिवशी नवी रेघ निघाली. पहिली दहा वर्षं दहातल्या सात. पुढची सोळा वर्षं कधी सात, कधी साडेसहा. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती.

"सरळ रेघ दाखवायला मी वरच्यांना बोलावू?" साहेबांचा आवाजच बसला.

"एक गोष्ट बदललीय, सर," आकडेवाली म्हणाली. "लाल तेवढेच आहेत. पण होकारांमधले पिवळे बघा. आधी दहा होकारांत एक पिवळा असायचा. खुर्ची आल्यापासून दहात चार, कधी पाच. समिती आधी नुसतं हो म्हणायची, आता हो पण म्हणते. झाकण बदला. अक्षरं मोठी छापा. एकट्या माणसाला टोचून घेता येईल अशी सुई करा. नाही म्हणण्याचं प्रमाण मावशींमुळं वाढलं नाही. उलट, यातल्या बऱ्याच वस्तू घरी नेल्यावर नुसत्या पडून राहिल्या असत्या."

साहेब खुर्चीत मागं टेकले. माणूस सज्जन होता हे मघाशी सांगितलंच. त्यांनी शेवटचं पान काढून घेतलं आणि म्हणाले, "अहवालात एवढंच लिहू, की मधल्या काळात नोंदीची पद्धत बदलली होती. का बदलली, ते सांगायची गरज नाही. ताईंची पाटी पण तयार झाली आहे."

ताईंनी मान डोलावली. त्यांना हायसं वाटलं. मावशींची खुर्ची राहिली, पाटीही राहिली. देवानं एवढं दिलं तर माणसानं जास्त बोलू नये.

वार्षिक सभेला वरच्या खात्याचे चार लोक आले होते. पुढच्या रांगेत अध्यक्ष डॉक्टरीणबाई, दाराजवळ मावशी, आणि शेवटच्या रांगेत, कोट घालून, ताईंचे यजमान. साहेबांनी सरळ रेघ दाखवली. पिवळ्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. वरच्यांतला एक गृहस्थ फारच हुशार निघाला.

"दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच मला फोनवर सांगितलंत, की होकार निम्म्यावर आले. आणि आता म्हणता काही बदललंच नाही. पद्धत बदलली म्हणजे कुणी बदलली? का बदलली? की ही खुर्ची वाचवायला रेघ सरळ केलीत?"

साहेब छताकडे बघू लागले. मावशींनी वाकडी बोटं मांडीवर घट्ट धरली होती, आणि ताईंना ती बोटं दिसली.

त्या उभ्या राहिल्या. उभ्या राहूनही फारशी उंची वाढली नाही, तेव्हा पुढं जाऊन माइकपाशी थांबल्या.

"पद्धत मी बदलली," त्या म्हणाल्या. "कारण माझ्या हातून मागणीपत्रावर एक शून्य जास्त पडलं. दोन हजार कार्डांऐवजी वीस हजार आली. ती संपवायला मी एकाची पाच करायला लागले. बारकाई-बिरकाई काही नव्हती. लाज होती. खोकी अजून माळ्यावर आहेत, वर 'जुने नकाशे' लिहिलंय, कुणालाही जाऊन बघता येईल." त्यांनी श्वास घेतला. "रेघ सरळ केलेली नाही, साहेब. वाकडी मी केली होती."

मग दाराजवळून प्रश्न आला.

"वीस हजार?" मावशी म्हणाल्या. "मग अजून किती शिल्लक आहेत?"

"सोळा हजारांच्या वर," ताई म्हणाल्या. "सोळा वर्षं झटूनसुद्धा."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग मावशी हसल्या, मग साहेबांनी छतावरून नजर खाली आणली, आणि शेवटी तो हुशार गृहस्थही खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "मला ती कार्डं बघायची आहेत. मागची बाजू." तास-दीड तास तो खणांशी उभा होता. छापील अर्जाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, आणि पुढच्या बैठकीला खुर्ची दाराजवळच होती.

निरोपाचा गुच्छ ताईंनी घेतला, पण पाटी घेतली नाही. साहेब म्हणाले, कोरून झालीय, आता तिचं काय करायचं? ताई म्हणाल्या, "उलटी लावा. मागून कोरी आहे ना?" काचेचं कपाट त्यांनी कुलपाविना ठेवायला लावलं, म्हणजे कार्डं बाहेर काढून उलटता येतील. घरी जाताना त्या यजमानांच्या शेजारी चालता चालता थोडं रडल्या. पाटी गेली म्हणून नव्हे. सोळा वर्षं माळ्यावर एक ओझं होतं, आणि ते इतकं जड होतं हे उतरल्यावर कळलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक कोरं कार्ड आणवलं. पुढं लिहिलं: वस्तू, एक शून्य. तारीख, अकराव्या वर्षाची. निर्णय, नाही. कोपऱ्यात लाल पट्टी चिकटवली. मग कार्ड उलटं केलं, आणि अंबाड्याकडे हात गेला खरा, पण रिकामाच खाली आला. त्यांनी आकडेवालीचं पेन मागून घेतलं.

"ताई, मागची बाजू ना?" पोरगी म्हणाली. "पेनानं?"

"पेन्सिल पुसता येते," ताई म्हणाल्या.

त्यांनी सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: "इथून पुढं एकाची पाच केली आहेत. मोजण्याआधी भावंडं जुळवा. चूक माझी. खुर्चीची नाही." शाई वाळेपर्यंत त्या फुंकर घालत बसल्या, आणि मग ते कार्ड अकराव्या वर्षाच्या खणात सगळ्यात पुढं ठेवलं. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी पोरीच्या टेबलावर ठेवली, आणि पर्समधलं टोकयंत्रही.